परळचा कंबरदुखीचा वर्ग : कोणी लावावा, काय मिळतं, काय कमी पडतं

कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, डॉक्टरांनी तपासून घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलंय, गोळी घेतली की बरं आणि सोडली की पुन्हा तेच, अशी ज्यांची गत आहे त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. मी लावला आणि पूर्ण केला. आता आमच्या गल्लीत कोणी कमरेवर हात ठेवून उभं दिसलं की मी थांबून त्याला वर्गाचं सांगते. तेच इथे सगळ्यांसाठी नीट लिहिते, चांगलं आणि कमी पडणारं दोन्ही.

वर्ग परळ गावातल्या एका मंडळाच्या सभागृहात भरतो. बाहेरच्या फळ्यावर खडूने ‘कंबरदुखी व्यायाम वर्ग’ एवढंच लिहिलेलं असतं. जाहिरात नाही, पाटी नाही, सगळं एकमेकांच्या तोंडून कळतं. एक वर्ग बारा आठवड्यांचा, मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी साडेसहाची एक तुकडी आणि दुपारी साडेचारची दुसरी. सव्वा तासापैकी पाऊण तास व्यायाम आणि अर्धा तास बोलणं. एका तुकडीत पंधरा माणसं, सोळावा घेत नाहीत. शिकवणाऱ्या मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगी असते. फी पूर्ण बारा आठवड्यांची १,५०० रुपये. ज्यांना ती जड जाते ते निम्मी भरतात, आणि कोण निम्मी भरतंय हे खजिनदारांशिवाय कोणालाच कळत नाही. ही गोष्ट मला फार आवडली.

माझं लालबागला पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे कणीक भिजते तेव्हापासून रात्रीचा शेवटचा डबा जाईपर्यंत मी ओट्याशी उभी. मधल्या वेळात पिठाची गोणी ओढा, सिलिंडर सरकवा, परात खाली ठेवून वाकून मळा. चाळिशीनंतर कंबर धरायला लागली. आधी फक्त थंडीत, मग केव्हाही. सकाळी उठताना कूस बदलली तरी डाव्या कुल्ल्यापर्यंत चमक जायची. शेक झाला, तेल झालं, मालिश झाली, कमरेचा पट्टा झाला. एका खासगी क्लिनिकात रोज वजनं लावून कंबर ताणून घेतली, वर मशीनचा शेक. तिथून निघून घराचा जिना चढेपर्यंत आराम पडायचा. त्यात जेवढे पैसे गेले तेवढ्यात या वर्गाला घरातल्या सगळ्यांना घालता आलं असतं.

पहिल्या दिवशी व्यायाम झालाच नाही. मॅडमनी एक कागद दिला. त्यावर नऊ प्रश्न. इंग्लंडच्या कील विद्यापीठात हे प्रश्न तयार झाले, आणि त्यावरून माणसांचे तीन गट करून उपचार ठरवले तर जास्त गुण येतो असं २०११ मध्ये तिथल्या अभ्यासात दिसलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. पायात कळ जाते का, कपडे घालायला वेळ लागतो का, हे प्रश्न अपेक्षित होते. पण पुढे होतं : माझ्यासारख्या स्थितीत अंगमेहनत करणं सुरक्षित नाही, असं वाटतं का? हे दुखणं कधीच बरं होणार नाही, असं वाटतं का? आधी ज्या गोष्टींत आनंद वाटायचा त्यात आता वाटतो का? एवढ्या वर्षांत कंबरेसाठी मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्यापैकी एकानेही मला हे विचारलं नव्हतं. मी तिन्ही ठिकाणी आपलं खरं ते लिहिलं. माझ्या शेजारी बसलेले बेस्टमधून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका ‘सुरक्षित नाही’ वर खूण करून पेन खाली ठेवून बसले, पुढचं लिहीचनात. मॅडम त्यांच्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात एकेक प्रश्न त्यांनी वाचून दाखवला.

ज्यांच्या उत्तरांतून भीती जास्त दिसली त्यांच्याशी मॅडम वर्ग संपल्यावर वेगळं बोलायच्या. त्यात मीही होते.

व्यायामांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळे आधी तेच विचारतात. अवघड काहीच नाही. उताणं झोपून गुडघे मुडपायचे आणि कंबर चटईला टेकवायची, सोडायची. मांजरासारखी पाठ वर-खाली. गुडघे मुडपूनच कुल्ले उचलायचे, म्हणजे आपलं सेतुबंध. हातापायांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. कुशीवर कोपर टेकून अंग उचलायचं. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसायचं. जागच्या जागी चालणं. प्रत्येकाच्या तीन पायऱ्या भिंतीवरच्या कागदावर काढलेल्या असतात, आणि आज कुठली पायरी करायची हे आपण ठरवायचं. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मॅडम शिकलेल्या, त्यांनीच का नाही सांगायचं? पण त्या कधीच सांगत नसत. फक्त विचारत, ‘कितीपर्यंत जमेल असं वाटतंय?’

एक नियम मात्र पक्का. दुखणं शून्य ते दहाच्या मापावर बोलायचं. व्यायाम करताना ते एक-दोन अंकांनी वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जागेवर आलं तर काही बिघडलं नाही, तेवढंच चालू ठेवायचं. नाही आलं तर पुढच्या वेळी थोडं कमी. बस. दुखलं म्हणून बंद करायचं नाही आणि दुखत असताना दात-ओठ खाऊन रेटायचंही नाही. हा नियम मी आज दुकानातही वापरते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून वजन उचलणं सुरू झालं. मला वाटलं होतं की कंबरदुखीच्या वर्गात ‘वजन उचलू नका, वाकू नका’ हेच शिकवतील. इतकी वर्षं जो तो मला तेच सांगत होता. मॅडमनी ‘वाकू नका’ असं बारा आठवड्यांत एकदाही म्हटलं नाही. त्यांनी सभागृहात पाण्याच्या बादल्या ठेवल्या. आधी तळाला पाणी, मग पाव, मग अर्धी. पाठीला काठी टेकवून कुल्ल्यातून वाकायचं कसं ते आधी दाखवलं, मग म्हणाल्या की कायम असंच वाकायला पाहिजे असंही नाही, पाठ वाकण्यासाठीच आहे, तिला सवय सुटलीये ती लावायची आहे. मी त्यांना विचारलं, ‘मॅडम, माझी गोणी तीस किलोची असते.’ त्या म्हणाल्या, ‘मग आपण तिथपर्यंत जायचं की गोणीच पंधरा-पंधराची मागवायची, हे तुम्ही सांगा.’ मी पिठाच्या गिरणीवाल्याला सांगून पंधराच्या मागवल्या. पण पंधराची मी आता स्वतः उचलते. आधी तीही मुलाला हाक मारून उचलून घ्यायचे.

बोलण्याचा अर्धा तास हा या वर्गाचा खरा जीव आहे. व्यायाम कुठेही शिकता येतात, मोबाईलवर हवे तेवढे आहेत. हे बोलणं कुठे मिळत नाही.

एका मंगळवारी मॅडमनी सगळ्यांना एमआरआयचे कागद आणायला सांगितलं. बहुतेकांकडे होते. माझ्या कागदावर एल चार-एल पाचमधली, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी बाहेर आल्याचं लिहिलंय आणि ते वाचल्यापासून मी खोकलासुद्धा जपून खोकत होते. मॅडमनी सांगितलं की ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन पाहिलेले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र मांडले गेले. विशीतल्या न दुखणाऱ्या माणसांत शंभरातल्या सदतीस जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत ऐंशी जणांच्या. आणि गादी बाहेर आलेली, जे माझ्या कागदावर होतं, ते पन्नाशीत शंभरात साठ जणांना. दुखत काहीच नसताना.

ड्रायव्हर काका म्हणाले, ‘मग माझं दुखतंय ते खोटं की काय?’

मॅडम म्हणाल्या, ‘काका, दुखणं पूर्ण खरं आहे. पण कागदावरची गादी आणि दुखणं यांचा हिशोब सरळ जुळत नाही, एवढंच सांगतेय.’ मग त्यांनी समजावलं की दुखणं फार दिवस राहिलं की मज्जासंस्थाच जास्त जागरूक होते, थोड्याशा हालचालीलाही मोठी सूचना देते. झोप कमी झाली, काळजी वाढली, हालचाल बंद झाली की ती सूचना आणखी मोठी होते. कंबरदुखीच्या बहुतेक माणसांत, शंभरात नव्वदांत म्हणतात, एखादा ठरावीक बिघाड बोट ठेवून दाखवता येत नाही. हे ऐकून काही जणांना बरं वाटलं नाही. आमच्यातल्या एका ताईंना तर राग आला, त्या म्हणाल्या की म्हणजे सगळं मनाचंच आहे असं सांगताय. मॅडमनी तो विषय पुढच्या शुक्रवारी पुन्हा काढला, घाई केली नाही. मला मात्र त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटलं. तो कागद मी पिशवीतून काढून कपाटात ठेवला, तो अजून तिथेच आहे.

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांचा मजकूर मराठीत टंकून वाटला. जुन्या कंबरदुखीसाठी अशा सूचना संघटनेने पहिल्यांदाच काढल्या, डिसेंबर २०२३ मध्ये. २०२० साली जगात ६१.९ कोटी माणसांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ती ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. त्या सूचनांत काय द्यावं म्हटलंय? व्यायामाचे कार्यक्रम, स्वतःची काळजी स्वतः घेण्याचं शिक्षण, मनाच्या बाजूचे उपचार, काहींना मालिश आणि हाताने केलेले उपचार, गरजेपुरत्या दाह कमी करणाऱ्या गोळ्या. आणि काय देऊ नये? कमरेचा पट्टा, वजनं लावून ताणणं, अल्ट्रासाउंडचा शेक, विजेच्या झटक्यांचं टेन्स मशीन. मी दुकानात डबे भरता भरता तो कागद वाचला आणि मला संताप आला. यातलं नको म्हटलेलं जवळजवळ सगळं मी पैसे मोजून घेतलं होतं आणि करा म्हटलेलं मला कोणी सांगितलंच नव्हतं. मुंबईत एवढे दवाखाने, एवढी क्लिनिकं. माझ्यासारख्या बाईला ‘व्यायाम कर, चालत राहा, घाबरू नकोस’ हे सांगायला एका मंडळाचं सभागृह लागावं, हे मला पटत नाही.

आणि हे परळमध्ये व्हावं हे मात्र योग्यच आहे. देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा याच परळमध्ये, केईएम रुग्णालयात निघाली, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. ज्यांची अजून तपासणीच झाली नाही त्यांना मॅडम आधी तिकडच्या ओपीडीत जाऊन यायला सांगतात, आणि डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय वर्गात घेत नाहीत. हा कडकपणा चांगला आहे.

बोलण्याच्या तासातली माझ्या सगळ्यात कामी आलेली गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. मॅडमनी प्रत्येकाला आठवड्याची वही ठेवायला लावली. माझ्या वहीत दुसऱ्याच आठवड्यात दिसलं की मोठी ऑर्डर आली की मी सलग उभी राहून सगळ्या पोळ्या एका दमात लाटते, आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस मला ओट्याशी उभंच राहवत नाही. बरं वाटलं की पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या की चांगल्या दिवशी जेवढं होतं ते माप धरू नका, वाईट दिवशी जेवढं होतं तेही नको. रोज निभेल असं एक माप शोधा आणि ते हळूहळू वाढवा. मग आम्ही दुकानात बदल केले. परात जमिनीवरून उंच स्टुलावर आली. ओट्याखाली एक पाट ठेवला, आलटून पालटून एक पाय त्यावर. चाळीस पोळ्या झाल्या की लाटणं खाली ठेवायचं आणि डबे पुसायचे किंवा दारापर्यंत जाऊन यायचं, काही झालं तरी. सुरुवातीला माझ्या हाताखालच्या मुलींना हे चमत्कारिक वाटलं. आता त्याही चाळिसाला थांबतात.

या सगळ्याची परीक्षा गणपतीत झाली.

आमची तुकडी आषाढीनंतर सुरू झालेली. गणपतीत लालबागमध्ये काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको, रस्ता दिसत नाही. आम्हाला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी असतात, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी उकड मळताना माझ्या कमरेत उसण भरली. अशी की श्वास घेववेना. आधी असं झालं की मी आठवडाभर अंथरुणाला खिळायचे, सासूबाई डोक्याशी बसायच्या, ऑर्डरी दुसऱ्याला द्याव्या लागायच्या.

वर्गात प्रत्येकाने एक पान स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं, ‘बिघडलेल्या दिवसाचं पान’. माझं फ्रिजच्या दारावर लावलेलं होतं. त्यात सगळ्यात वर तपासायच्या गोष्टी : लघवी-शौचावरचा ताबा गेलाय का, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आहे का, पाय लुळा पडतोय का. नाही. मग पुढचं. जाऊबाईंना हाक मारून उकड त्यांच्या हवाली केली. खुर्चीवर पोटऱ्या टेकवून जमिनीवर दहा मिनिटं पडले. मग उठून चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या, हळू. शेक. पुन्हा थोडं पडणं, पुन्हा फेऱ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी जेवणानंतर. संध्याकाळी मी उंच स्टुलावर बसून मोदकांच्या कळ्या पाडायला घेतल्या आणि दर थोड्या वेळाने उठून गॅलरीत गेले. कमी पाडल्या, पण पाडल्या. ऑर्डरी सगळ्या गेल्या, उशिरा का होईना. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मं काम, आणि गौरी गेल्या तोवर मी माझ्या मापावर परत आले होते. जाऊबाई म्हणाल्या, ‘यंदा तुम्ही घाबरला नाहीत.’ दुखलं तर तेवढंच होतं. त्या म्हणाल्या ते खरं होतं.

चालण्याबद्दलही लिहायला हवं. मॅडम चालण्यावर फार भर देतात. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांपैकी काहींना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास होईपर्यंत, आणि मधूनमधून फिजिओथेरपिस्टचा सल्ला. जे चालले त्यांची कंबर पुन्हा दुखायला लागेपर्यंतचा मधला काळ २०८ दिवस, जे चालले नाहीत त्यांचा ११२. यासाठी ना यंत्र लागतं ना फी. मी दुपारचं आवरलं की राणीच्या बागेच्या बाजूला जाऊन येते. आमच्या वर्गातल्या लालबागच्या मावशी चिवडा गल्लीतून गर्दी चुकवत पहाटेच निघतात. ज्यांच्या पायाखाली धड फुटपाथ नाही त्यांचं काय, हा प्रश्न मी वर्गात काढला होता. मॅडमनी त्यांना जिना आणि गॅलरी सुचवली. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, पण तो दोष मॅडमचा नाही.

योगाचा प्रश्नही निघतोच. मावशींनी विचारलं की सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट ही संस्था १९१८ पासूनची आहे, मग आपण हे बादल्या उचलण्याचं काय करतोय? मॅडम अजिबात रागावल्या नाहीत. बोस्टनमध्ये ३२० जणांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांचे योगाचे वर्ग फिजिओथेरपीच्या तोडीस तोड उतरले, हे त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, जे घराजवळ आहे, परवडतं आणि रोज होईल ते करा. मावशी आता दोन्ही करतात. मी हेच करते, कारण मला दुकान सोडून सांताक्रूझला जाणं शक्य नाही.

आता कमी काय ते.

साडेसहा आणि साडेचार या दोन्ही वेळा नोकरदारांच्या उपयोगाच्या नाहीत. सकाळी डोंबिवली-विरारहून लोकलला लटकून येणारा माणूस, संध्याकाळी परत जाणारी बाई, ज्यांच्या कमरा सगळ्यात जास्त धरतात, ते या वर्गात नाहीत. आमच्या तुकडीत कुरिअर पोचवणारा एक मुलगा होता, फार मनापासून करायचा. त्याला दुपारी सुट्टी मिळेना, चौथ्या आठवड्यानंतर तो आला नाही. रात्री साडेआठची एक तुकडी काढा म्हणून मी दोनदा सांगितलं. मंडळ म्हणतं रात्री सभागृह कॅरमवाल्यांचं असतं. कॅरमवाल्यांना आठवड्यातून दोन दिवस समजावता येत नाही, हे मला मान्य नाही.

सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि एका बाजूला कठडा नाही. कंबर धरलेल्या माणसाला वर्गाच्या आधी हाच व्यायाम. गणपतीत सभागृह मंडळाच्या कामाला जातं आणि वर्ग दोन आठवडे बंद राहतो. तेवढ्यात पाच जणांची लय मोडली आणि दोघं परत आलेच नाहीत. घरी करायच्या व्यायामाचा कागद झेरॉक्सची झेरॉक्स आहे, चित्रातला पाय कुठला आणि हात कुठला ते कळत नाही. मुलीने माझे व्यायामाचे फोटो काढून दिले तेव्हा घरी नीट करता आलं. बायकांना कपडे बदलायला जागा नाही, बहुतेकजणी घरूनच पंजाबी ड्रेस घालून येतात.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे बारा आठवड्यांनंतर काय. महिन्यातून एकदा जुन्या तुकड्यांची भेट असते, तीही कधी होते कधी नाही. व्हॉट्सॲपचा गट आहे, त्यात आता शुभ सकाळ जास्त आणि कंबर कमी. दुखणं वर्षांचं आहे, सोबत तीन महिन्यांची. निदान सहा महिने तरी पंधरवड्यातून एकदा बोलवायला हवं, त्याचे वेगळे पैसे घ्या हवं तर. मी देईन.

गुण सगळ्यांना सारखा आला असंही नाही. माझं दुखणं गेलेलं नाही. सकाळी थोडं असतंच, थंडीत जास्त. मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की पूर्ण बंद होईल असं वचन मी देणार नाही. पण मी आता न थांबता मार्केटमधून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन येते, रात्री सलग झोपते, आणि पट्टा माळ्यावर गेलाय. ड्रायव्हर काकांनी नातवाला उचलून घेतलेला फोटो गटावर टाकला. राग आलेल्या ताई शेवटपर्यंत आल्या, दुखण्यात त्यांना फार फरक पडला नाही, पण त्या चालायला लागल्या. एका काकांच्या पायातली कळ वाढत गेली, मॅडमनी त्यांना मध्येच थांबवून पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं.

आणि काहींनी हा वर्ग लावायच्या भानगडीत पडू नये, थेट इस्पितळ गाठावं. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने कमी होतेय, तर तासाभराचीही वाट पाहू नका. कंबरेसोबत ताप आहे, विनाकारण वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालाय, किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालंय, तरी आधी डॉक्टर.

पुढची तुकडी संक्रांतीनंतर सुरू होतेय आणि जागा लवकर भरतात. नाव मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठमध्ये नोंदवतात. पैसे रोख, पावती मागून घ्या. चटई आपली न्या, तिथल्या पातळ आहेत. पाण्याची बाटली आणि एक जुनी वही लागते. चालू औषधांची चिठ्ठी आणि डॉक्टरांचा कागद पहिल्या दिवशीच दाखवावा लागतो, नाहीतर परत पाठवतात. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, खाली बसायच्या व्यायामांऐवजी खुर्चीवरचे देतात.